कुपवाडच्या शॉपमधून जहाजावर: मॉड्यूल एफ घ्यायचं की डी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीत तुमचं गनमेटलचं (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचं) ओतकाम आणि मशीन शॉप आहे. मुंबईच्या एका डीलरकडून चौकशी आली आहे: साठ नग फायर नोझल, स्प्रे आणि जेट दोन्ही देणारे, १२ आणि १६ मिमीचे, सोबत वीस गनमेटल व्हॉल्व्ह, जहाजाच्या बाजूला बसणारे. कागदांच्या रकान्यात त्यानं लिहिलंय, ‘एमईडी, बी प्लस एफ, व्हॉल्व्हला क्लास सर्टिफिकेट, मटेरियल ३.२.’ एमईडी म्हणजे जहाजावरच्या वस्तूंसाठीचा युरोपीय संघाचा निर्देश, बी, डी, एफ हे त्यातले तपासणीचे प्रकार, म्हणजे मॉड्यूल, आणि ३.२ हा धातूच्या सर्टिफिकेटचा प्रकार; सगळं पुढं एकेक करून येतंच. तुम्ही विचारताय की आयएसओ ९००१ आहेच, तेवढ्यावर भागेल का, एफ घ्यावं की डी, आणि खर्च कसा धरायचा.

कोटेशन पाठवायच्या आधी डीलरला फोन करा आणि विचारा, जहाजाचा झेंडा कुठला? जहाज कुठल्या यार्डात बांधतायत याच्याशी एमईडीचा संबंध नाही. ते कुठल्या देशात नोंदलेलं आहे, यावर सगळं ठरतं. युरोपीय संघातल्या देशाचा झेंडा असेल तर एमईडीच्या यादीतल्या वस्तूंवर चक्राची खूण, म्हणजे त्या निर्देशाची मंजुरीची खूण, लागतेच. माल्टा आणि सायप्रस हे दोन्ही संघात आहेत, आणि त्यांच्या झेंड्याखाली भरपूर जहाजं फिरतात. तिथं आपले लोक हमखास फसतात. पनामा किंवा लायबेरियाचा झेंडा असेल तर कायद्यानं चक्र लागत नाही. तरीही मालक ते मागतात, कारण बरेच झेंडे ते मान्य करतात आणि उद्या जहाज विकताना अडत नाही. ब्रिटिश झेंड्याला ब्रेक्झिटनंतर वेगळी खूण लागते. भारतीय झेंडा असेल तर आपलं डीजी शिपिंग (केंद्र सरकारचं जहाज खातं) काय मागतं ते बघावं लागेल. डीलरला झेंडा सांगता येत नसेल, तर त्यानं रकाना जुन्या चौकशीवरून उतरवला आहे असं बिनधास्त समजा. मी असे निम्मे कागद बघितलेत.

आता तुमच्या चौकशीतल्या दोन वस्तू म्हणजे दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि गोंधळ इथंच सुरू होतो. नोझल ही आग विझवायची वस्तू, म्हणून ती सोलासमध्ये येते. सोलास म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडाली, पहिला करार १९१४ मध्ये झाला, आत्ता चालू आहे तो १९७४ चा. मंजुरी कशी द्यायची याबद्दल करारात बहुतेक एवढंच असायचं की वस्तू ‘प्रशासनानं मान्य केलेली’ हवी. मग प्रत्येक देश आपापल्या पद्धतीनं चाचणी घ्यायचा आणि एकाचं सर्टिफिकेट दुसरा मानायचा नाही. युरोपनं १९९६ मध्ये एक निर्देश काढून सगळ्यांसाठी एकच खूण केली: जहाजाच्या सुकाणूचं चक्र. तो निर्देश बदलून २०१४/९० हा नवा आला आणि १८ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. कुठल्या वस्तूला कुठलं मानक, याची यादी जवळजवळ दरवर्षी नव्यानं निघते. म्हणून कोणी जुनी पीडीएफ पाठवली तर तिच्यावर टेस्ट प्लॅन बनवू नका.

व्हॉल्व्हचं तसं नाही. जहाजाच्या बाजूचा व्हॉल्व्ह क्लासच्या नियमांत येतो. क्लास म्हणजे जहाजाची बांधणी आपल्या नियमांत बसते का हे तपासणारी वर्गीकरण संस्था: लॉइड्स रजिस्टर, ब्यूरो व्हेरिटास, डीएनव्ही, आपल्याकडचं इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग. जहाज ज्या क्लासखाली बांधलं जातंय त्याच क्लासचा सर्व्हेअर, म्हणजे तपासनीस, तुमच्या व्हॉल्व्हवर शिक्का मारणार. गंमत अशी की यातल्या काही संस्था चक्राच्या कामातही नोटिफाइड बॉडी (चक्रासाठी तपासणीचा अधिकार मिळालेली संस्था) म्हणून असतात, म्हणजे माणूस तोच, पण टोपी वेगळी. सर्व्हेअर एका सकाळी नोझल आणि व्हॉल्व्ह दोन्ही बघेल, पण सर्टिफिकेटं दोन निघतील आणि बिलंही दोन. हे आधीच विचारून घ्या, नाहीतर बिल आल्यावर वाद होतो.

मॉड्यूल. बी म्हणजे नमुन्याची मंजुरी. तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवलेला नोझल मानकात बसतो का, हे नोटिफाइड बॉडी तपासते: पाण्याचा प्रवाह, जेटची फेक, फवारा, बंद केल्यावर गळतो का. सोलासला नोझल दुहेरी कामाचा आणि बंद करायची सोय असलेला लागतो. मापं १२, १६ आणि १९ मिमी किंवा शक्य तितकी त्यांच्या जवळची. राहण्याच्या आणि सेवेच्या जागेत १२ च्या वर जायची गरज नाही. इंजिनरूमला आणि बाहेर डेकवर १९ पर्यंत जातात. तुमची १२ आणि १६ ची मागणी त्यात बसते. पण बी मिळालं म्हणजे माल विकता येतो, असं नाही. बी फक्त एवढं सांगतं की असा नोझल चांगला आहे. तुम्ही बनवलेले साठही तसेच आहेत हे सांगायला डी, ई किंवा एफ यांपैकी एक लागतं.

डी म्हणजे तुमच्या उत्पादनाच्या पद्धतीवर भरवसा. नोटिफाइड बॉडी येऊन तुमची क्वालिटी सिस्टिम तपासते, दर काही काळानं ऑडिट करते, न सांगताही येऊ शकते. ई मध्ये तोच भरवसा शेवटच्या तपासणीपुरता असतो. एफ म्हणजे मालाची पडताळणी: त्यांचा माणूस येतो आणि प्रत्येक नग तपासतो, किंवा लॉटमधून सॅम्पल काढून सांख्यिकी पद्धतीनं तपासतो.

द्राक्षांचं उदाहरण देतो, कारण तासगाव-पलूसकडचे बागायतदार तुमच्या शेजारीच असतील. युरोपला माल पाठवायचा तर आधी प्लॉटची नोंदणी होते. मग लॅबचा माणूस स्वतः बागेत येऊन सॅम्पल घेतो. बागायतदारानं पिशवीत भरून दिलेले घड तो घेत नाही. रिपोर्टवर प्लॉटचा नंबर असतो आणि तो रिपोर्ट शेजारच्या प्लॉटला चालत नाही, मग भाऊ-भाऊ असले तरी. एफ म्हणजे हेच आहे. ज्यांना ही पद्धत जाचक वाटते त्यांना मी सांगतो, तुमच्या काकांच्या बागेत हे दरवर्षी होतं.

तुमच्यासाठी माझं मत एफ. साठ नगांची एकच ऑर्डर आहे, पुढची येईल की नाही माहीत नाही. अशा वेळी डी घेणं म्हणजे एका लग्नासाठी मंगल कार्यालय बांधण्यासारखं. डी तेव्हा परवडतं जेव्हा दर महिन्याला माल जातोय आणि प्रत्येक लॉटला सर्व्हेअर बोलावणं महाग पडतंय. एफमध्येही सॅम्पलिंगच्या नादाला लागू नका. सांख्यिकी पद्धतीत लॉट एकसंध आहे हे तुम्ही दाखवून द्यायचं असतं, आणि सॅम्पल नापास झालं तर अख्खा लॉट अडकतो. साठ नग शंभर टक्के दाखवले तर जो खराब निघेल तो बाजूला पडेल, बाकीचे सुटतील. मॉड्यूल जी म्हणून एक आहे, ज्यात बीची गरज नसते. ते एकट्यादुकट्या, खास बनवलेल्या वस्तूंसाठी. साठ सारख्याच नोझलना ते बसवायचा प्रयत्न केला तर उत्तर बहुतेक नाहीच येईल.

आयएसओ ९००१ चा प्रश्न. ते असल्याचा फायदा होतो, कारण कॅलिब्रेशन, ड्रॉइंगची रिव्हिजन, नॉन-कन्फॉर्मन्स या सवयी तयार असतात. पण ते बीची किंवा एफची जागा घेत नाही. रिसेप्शनमधल्या फ्रेमकडे बोट दाखवून सर्व्हेअरवर छाप पडत नाही. तो सरळ शॉप फ्लोअरवर येतो.

शॉप फ्लोअरवरची ही एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. २००० च्या आसपास मी मिरजेच्या बाजूला एका कारखान्यात क्वालिटी बघायचो. चौदा गनमेटल व्हॉल्व्ह, क्लासचं काम, पुण्याहून सर्व्हेअर. सकाळी साडेनऊला आला, पोहे खाल्ले, चहा नको म्हणाला. टेबलावर चौदा बॉडी मांडून ठेवलेल्या, चकचकीत. त्यानं टॉर्च काढला आणि पहिली बॉडी फिरवली. मग दुसरी. तो हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूला दिलेला नंबर) शोधत होता. आम्ही नंबर फ्लँजच्या कडेवर पंच केला होता, ओतल्या ओतल्या, अगदी वेळेवर. नऊ बॉडींवर तो दिसत होता. पाचांवर कड गुळगुळीत.

टर्नरला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, नंबर हुता की. फेसिंगला गेला.”

कास्टिंग जरा वाकडं आलं होतं, त्यानं कड साफ होईपर्यंत अर्धा मिलिमीटर जास्त घेतला आणि त्या अर्ध्या मिलिमीटरात नंबर चिपाबरोबर ट्रेमध्ये पडला. मी म्हणालो, स्पेक्ट्रोवर लावून दाखवतो, मिश्रण तेच येईल. सर्व्हेअर म्हणाला ते माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलंय: स्पेक्ट्रो सांगेल की हा धातू गनमेटल आहे, हा नग त्या हीटचा आहे, हे तो सांगणार नाही. टेस्ट बार, म्हणजे धातूची ताकद तपासायची कांडी, ताणून तोडला तो त्या हीटचा. त्या बारचा आकडा या बॉडीला लावायचा तर दोघांना जोडणारा नंबर लागतो, तो गेला की नातं तुटलं. पाच बॉडी बाजूला गेल्या, परत ओतल्या. त्या पाचांत खोट काहीच नव्हती. आजही मला त्या पाच बॉडी जिन्याखाली ठेवलेल्या आठवतात, पुढं भंगारात वितळल्या.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, सर्व्हेअरचा पहिला प्रश्न ‘माल चांगला आहे का’ हा नसतो. ‘हा नग कोणता?’ हा असतो. मशीनिंगमध्ये नंबर जाणार असेल तर आधी नवीन जागी उतरवायचा आणि मग जुना कापायचा. क्लासच्या मटेरियलला तर हा उतरवण्याचा पंच सर्व्हेअरसमोर किंवा त्यानं मान्य केलेल्या माणसाकडून होतो. टेस्ट बारचंही तेच: आधी शिक्का, मग कट. आधी कापून मग “हाच तो बार” म्हणालात तर तो हसून वही मिटेल.

नोझल आणि व्हॉल्व्ह दोन्ही गनमेटल असल्यानं धातूवर दोन शब्द. ८५-५-५-५ (तांबं, कथील, जस्त, शिसं) म्हणजे आपल्या आयएस ३१८ या भारतीय मानकातली एलटीबी २ ही प्रत. स्वस्तात बसवायला कोणी साठ-चाळीस पितळ सुचवलं तर नाही म्हणा. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं आणि मागं तांब्याचा भुसभुशीत सांगाडा राहतो, आकार तोच पण ताकद नाही. भंगाराचा चार्ज घेत असाल तर ॲल्युमिनियम ब्राँझच्या चिपा त्यात मिसळणार नाहीत याची काळजी घ्या. ॲल्युमिनियमचा थोडासा अंश गेला तरी या मिश्रणाचं ओतकाम दाबाला टिकत नाही, हायड्रोला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) पाझरतं. आपल्याकडं एकाच शॉपमध्ये दोन्ही धातू मशीन होतात आणि झाडू एकच असतो. रोग तिथून सुरू होतो.

पाझरणं म्हणजे कसं? पंपाचा दाब चढवून पाच मिनिटं थांबा. बॉडीच्या जाड भागावर घाम फुटल्यासारखे ठिपके येतात, पुसले की परत येतात. धार नसते. अशा ठिकाणी जुनी माणसं बॉल पीन हातोड्यानं ठोकून छिद्र मिटवायची. क्लासच्या कामात हे करायचं नाही. ठोकलेली जागा टॉर्च तिरका धरला की लगेच दिसते. दुसरं, हायड्रोच्या आधी रंग लावू नका. प्रायमरचा एक थर बारीक छिद्रं बुजवतो आणि सर्व्हेअरला ते माहीत असतं. डीलरला घाई असते म्हणून माल आधीच लाल रंगवून ठेवलेला मी बघितलाय. मग थिनर घेऊन पोरं दिवसभर घासत बसली.

जहाजाच्या बाजूच्या व्हॉल्व्हला साधं बीड (कास्ट आयर्न) चालत नाही, हे तुमच्या इतर ग्राहकांसाठीही लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय लोड लाइन करारातच लिहिलंय: बाहेरच्या पत्र्यावरच्या फिटिंगा स्टील, ब्राँझ किंवा मान्य अशा तन्य धातूच्या हव्यात, साधं बीड नको. कारण सरळ आहे, बीड धक्क्यानं तडकतं आणि हा व्हॉल्व्ह तडकला की समुद्र आत येतो. आपल्या भागात शेतीपंपाच्या बीडाच्या व्हॉल्व्हचे पॅटर्न ढिगानं आहेत, म्हणून कोणाला तरी मोह होतोच. वॉटरलाइनच्या खाली बसणाऱ्या अशा व्हॉल्व्हची हायड्रो किमान पाच बारवर असते, आणि बॉडीला डिझाइन दाबाच्या दीडपट. जे जास्त ते. पाच बार ऐकून तुम्हाला हसू येईल, तुम्ही रोज सोळाची लावता. पण गेजचं कॅलिब्रेशन चालू असलं पाहिजे आणि गेजचा पल्ला योग्य हवा. पाच बारची टेस्ट शंभर बारच्या गेजवर दाखवलीत तर काटा जागचा हलल्यासारखा वाटणार नाही.

३.१ आणि ३.२. हे आकडे ईएन १०२०४ या मानकातले आहेत. ३.१ वर तुमचाच माणूस सही करतो, फक्त तो उत्पादन विभागाच्या हाताखालचा नसावा. ३.२ वर तुमच्या त्या माणसाबरोबर ग्राहकाचा प्रतिनिधी किंवा नियमानं नेमलेला निरीक्षक, म्हणजे इथं क्लासचा सर्व्हेअर, सही करतो. ‘३.१ करून देतो, नंतर सर्व्हेअर सही करेल’ हे होत नाही. नंतर कोणाच्या समोर बार तुटणार? आणि बहुतेक क्लासना ओतकामाचा कारखाना आधी त्यांच्या मान्यतेत असावा लागतो. तुमच्याकडं ती मान्यता नसेल तर व्हॉल्व्हच्या बॉडी मान्यता असलेल्या फाउंड्रीतून घ्या आणि तुम्ही मशीनिंग-असेंब्ली करा. पहिल्या ऑर्डरला हाच मार्ग शहाणपणाचा आहे. अहंकार थोडा बाजूला ठेवावा लागतो, ओतारी माणसाला ते अवघड जातं, मला कळतं.

चक्र कोण मारतं? तुम्ही. नोटिफाइड बॉडी नाही. उत्पादनाच्या शेवटी, ठळक, पुसलं न जाणारं, उंची पाच मिलिमीटरपेक्षा कमी नाही (अगदी लहान वस्तूला सवलत आहे). शेजारी नोटिफाइड बॉडीचा नंबर आणि वर्ष. हा नंबर एफ केलेल्या बॉडीचा असतो, बी दिलेल्याचा नाही. दोन्ही वेगवेगळ्या असतील तर इथं चूक होतेच, आणि नेमप्लेटा आधी कोरून घेतल्या असतील तर साठच्या साठ वाया. म्हणून नेमप्लेटचा प्रूफ सर्व्हेअरला मेल करून होकार घ्या, मग कोरा. नोटिफाइड बॉडींची यादी युरोपीय संघानं खुली ठेवली आहे. समोरच्या संस्थेला या वस्तूसाठी अधिकार आहे का, ते तिथं बघून घ्या. ‘आम्ही सीई करून देतो, त्यात चक्रही येईल’ असं सांगणारे सल्लागार पुण्या-मुंबईत भरपूर आहेत. सीई (युरोपात विकल्या जाणाऱ्या इतर मालावरची खूण) आणि चक्र ही दोन वेगळी प्रकरणं.

तुम्ही युरोपबाहेरचे, म्हणून तिथं लेखी अधिकार देऊन एक अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. याचा वार्षिक खर्च असतो आणि तो लोक कोटेशनमध्ये विसरतात. अनुरूपतेचं घोषणापत्र तुम्हीच काढायचं. त्याची प्रत जहाजावर जाते आणि वस्तू असेपर्यंत तिथं राहते. तांत्रिक फाइल चक्र मारल्यापासून किमान दहा वर्षं, आणि वस्तूचं आयुष्य त्याहून जास्त असेल तर तेवढी वर्षं. त्यामुळं फाइल ऑपरेटरच्या पेनड्राइव्हवर नको.

खर्चाचा आकडा मी सांगणार नाही, प्रत्येक संस्थेचा दर वेगळा. पण हिशोब असा करा: बीसाठी एकदाचा खर्च चाचण्यांसह, एफसाठी सर्व्हेअरचा दिवस आणि प्रवास, प्रतिनिधीचा वार्षिक खर्च. सर्व्हेअरचा दिवस वाया घालवू नका. तो येईल त्या दिवशी साठ नग क्रमानं मांडलेले, प्रत्येकाचा सिरियल नंबर वहीत, टेस्ट रिग आदल्या दिवशी चालवून बघितलेली, लाइट गेली तर जनरेटरला डिझेल. नोझलची प्रवाह चाचणी करायची असेल तर टाकीत पाणी आहे का बघा. उन्हाळ्यात कुपवाडला टँकर कधी येतो ते तुम्हीच मला सांगाल.

बी एकदा मिळालं की ड्रॉइंग गोठलं. नंतर ‘ओ-रिंग दुसऱ्या सप्लायरची स्वस्त मिळतेय’ किंवा ‘हँडलला गनमेटलऐवजी प्लास्टिक’ असं काही करायचं असेल तर आधी नोटिफाइड बॉडीला कळवा. तुमच्या खरेदी विभागाला हे स्वतः समजावून सांगा, कारण असले बदल तिथूनच गुपचूप होतात.

पॅटर्न अजून तयार झाले नसतील तर एक काम आत्ताच करा. नोझलच्या बॉडीवर आणि व्हॉल्व्हच्या बॉडीवर, मशीनिंग कधीच पोचणार नाही अशा जागी, नाण्याएवढा सपाट बॉस (उंचवटा) वाढवून घ्या. हीट नंबर तिथं पंच होईल. पॅटर्न करणाऱ्याला दोन तासांचं काम आहे.